पैनगंगेचा नाका आणि मोटारीचा टायर

मोटारीच्या चाकावरचा टायर ही आज इतकी नित्याची वस्तू झाली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. झिजला की बदलावा, पंक्चर झाला की दुरुस्त करून घ्यावा, एवढाच सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध. तथापि टायर हा जन्मापासूनच परदेशी व्यापाराचा आणि जकातीचा विषय आहे. त्याचे रबर एका खंडात पिकते, टायर दुसऱ्या खंडात तयार होतो आणि तिसऱ्या खंडातील रस्त्यांवर झिजतो. वाटेतल्या प्रत्येक वेशीवर कोणी ना कोणी हात पुढे करून उभा असतो. हा हात कोणाचा, तो कशासाठी पुढे येतो आणि त्यात पडणारा पैसा अखेरीस कोणाच्या खिशातून जातो, असे हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधावयाची तर आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. कारण या जिल्ह्याने एकाच मालावर दोनदा जकात देण्याचा अनुभव दीर्घकाळ घेतला आहे.

आदिलाबाद हा तेलंगण राज्याच्या अगदी उत्तरेचा जिल्हा. त्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. त्यापूर्वीचा अखंड जिल्हा दक्षिणेस गोदावरीपर्यंत आणि पूर्वेस प्राणहितेपर्यंत पसरलेला होता. निजामाच्या अमदानीत तर आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुकेही त्यातच मोडत. सागाची जंगले, काळ्या जमिनीतील कापूस, गोंड आणि कोलाम यांच्या वस्त्या, आणि तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू अशा अनेक भाषा बोलणारी बाजारपेठ, हे या भूभागाचे स्वरूप. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांत मराठी बोलली जाई, सोयरिकी नदी ओलांडून होत, बाजारही नदीपलीकडचा जवळ पडे. मात्र नदीच्या दोन तीरांवर दोन निरनिराळी राज्ये नांदत होती.

या दुहीचे मूळ शोधण्यासाठी १८०२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात एक व्यापारी तह झाला. एकमेकांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा ५ या दराने जकात घ्यावी, असे त्यात ठरले. आणि समुद्रकिनारा नसलेल्या हैदराबाद राज्याला मच्छलीपट्टण बंदराचा उपयोग करण्याची सवलत मिळाली. पुढे देशातील बहुतेक संस्थानांचे आर्थिक स्वातंत्र्य लयास गेले. परंतु हैदराबादने आपले नाणे, आपले टपाल आणि आपली जकात ही तिन्ही अखेरपर्यंत राखली. जकातीच्या खात्याला तेथे ‘करोडगिरी’ म्हणत. अकबराच्या काळी एक कोटी दामांचा वसूल देणाऱ्या टापूवर जो अंमलदार नेमला जाई, त्यास ‘करोडी’ म्हणत असत. त्या नावातून आलेला हा शब्द मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी कालपरवापर्यंत होता. ‘जकात’ हा शब्दही अरबीतून आलेला असून मूळ अर्थाने तो धार्मिक दानाचा वाचक आहे. दानाचा शब्द वसुलीला लागावा, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा.

१८५३ साली वऱ्हाड प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला आणि १९०२ च्या करारान्वये तो प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. वऱ्हाडवर नाव निजामाचे आणि अंमल इंग्रजांचा, अशी ती चमत्कारिक अवस्था होती. परिणामी पैनगंगा ही दोन कारभारांमधली सरहद्द बनली. उत्तर तीरावर इंग्रजी कलदार रुपया चाले, दक्षिण तीरावर निजामाचा हाली सिक्का. कलदार १०० रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहास सात, हा त्यांचा स्थूल भाव होता. नदी ओलांडणाऱ्याला नाक्यावर मालाची किंमत सांगावी लागे, आणि बाजारात नाण्याचाही हिशेब करावा लागे. उलट दिशेने आदिलाबादचा कापूस आणि तेलबिया राज्याबाहेर जाताना त्यांच्यावर निर्गत जकात बसे. म्हणजे शेतकऱ्याचा माल बाहेर जाताना एकदा, आणि त्याच्या गरजेच्या वस्तू आत येताना दुसऱ्यांदा, असा नाका दोन्ही बाजूंनी खाई.

या नाक्यावर टायर आला तो विसाव्या शतकात. त्याची पूर्वकथा थोडक्यात अशी: हवेने भरलेल्या चाकाच्या धावेची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश कारागिराने १८४५ मध्ये मांडली, पण ती काळाच्या पुढे होती. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर तयार केला आणि त्या कल्पनेला दिवस आले. त्यासाठी लागणारे रबर पूर्वी ब्राझीलच्या जंगलातून येई. १८७६ मध्ये हेन्री विकॅम याने तेथील रबराचे सुमारे ७०,००० बी इंग्लंडातील क्यू येथील उद्यानात पोचविले. त्यातून निघालेल्या रोपांवर पुढे सिंहलद्वीप आणि मलाया येथील मळे उभे राहिले. त्रावणकोरात पेरियार नदीच्या काठी थट्टेकाड येथे १९०२ मध्ये व्यापारी रबर-लागवडीला आरंभ झाला. अशा रीतीने झाड दक्षिण अमेरिकेचे, मळा आशियाचा, भांडवल लंडनचे आणि कारखाने बर्मिंगहॅम किंवा अमेरिकेतील ॲक्रनचे, अशी टायरची गुंतागुंतीची वंशावळ तयार झाली.

हिंदुस्थानात येणारा टायर त्या काळी सर्वस्वी परदेशी होता आणि पहिल्या महायुद्धानंतर मोटार ही चैनीची वस्तू समजून तिच्यावर व टायरवर शेकडा ३० जकात बसविण्यात आली होती. १९२७ च्या अंदाजपत्रकात अर्थसदस्य सर बेसिल ब्लॅकेट यांनी मोटारीवरील जकात ३० वरून २० वर आणि टायरवरील ३० वरून १५ वर आणली. मोटार म्हणजे केवळ श्रीमंतांचे वाहन नव्हे, खेड्यापाड्यांना बाजाराशी जोडणारे ते साधन आहे, ही दृष्टी आता सरकारदरबारी शिरू लागली होती. त्याच वर्षी रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे अधिक कर घेऊन तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, अशी तिची शिफारस होती. तदनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर ४ आण्यांवरून ६ आणे झाला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. कर घ्यावयाचा तर ज्याच्याकडून घेतला त्याच्याच उपयोगी पडेल असा घ्यावा, हे तत्त्व एका मराठी विधिज्ञाच्या समितीने या देशात रुजविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता या दुहेरी जकातीचा एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, मुंबई बंदरात १०० रुपये किमतीचा एक टायर उतरला. १९२७ पूर्वी त्याची बंदरावरील जकात ३० रुपये. तो टायर वऱ्हाडमार्गे पैनगंगेवर पोचला आणि करोडगिरीच्या नाक्यावर शेकडा ५ या तहातील दराने त्याची जकात आकारली गेली, तर ती मूळ १०० रुपयांवर बसत नाही, १३० रुपयांवर बसते. म्हणजे ती ६ रुपये ८ आणे होते. वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा बाजूला ठेवला तरी आदिलाबादच्या गिऱ्हाइकाला तो टायर १३६ रुपये ८ आण्यांस पडला. १९२७ नंतर हाच हिशेब १२० रुपये १२ आण्यांवर येतो. यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, दुसरी जकात पहिल्या जकातीवरही बसते. करावर कर चढतो. बंदरावर जमा झालेले ३० रुपये दिल्लीच्या तिजोरीत गेले. त्यातून आदिलाबादच्या रस्त्यावर एक खडीही पडण्याची शाश्वती नव्हती, कारण आदिलाबाद हा दिल्लीच्या दृष्टीने परमुलूख होता. समुद्रकिनारा नसलेल्या मुलखाचे हे दुर्दैव जगात सर्वत्र सारखेच आहे: बंदर ज्याचे, जकात त्याची, आणि भरपाई मात्र दूर आत राहणाऱ्या गिऱ्हाइकाने करावयाची.

तरीही मोटार आली आणि तिने या डोंगराळ मुलखाचे रूप बदलले. निजाम सरकारने १९३० मध्ये आपल्या राज्यातील रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि १९३२ च्या जून महिन्यात रेल्वेचीच एक शाखा म्हणून सरकारी बससेवा सुरू केली. २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढा तिचा आरंभीचा पसारा होता. प्रवासी वाहतूक सरकारने स्वतःच्या मालकीने चालविण्याचा देशातील हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. आज तेलंगण आणि आंध्र प्रदेश या दोन्ही राज्यांची परिवहन महामंडळे आपले मूळ याच सेवेत शोधतात. रेल्वे जेथे पोचत नव्हती तेथील रयतेला कचेरी, दवाखाना आणि बाजार यांच्याशी जोडण्याचे कार्य बसने केले. बसच्या हिशेबात इंधनाच्या खालोखाल टायरचा खर्च मोठा असतो. खडबडीत रस्त्यावर तो लवकर झिजतो आणि त्याची वाढलेली किंमत तिकिटातून, मालाच्या भाड्यातून आणि अखेर मीठमिरचीच्या दरातून वसूल होते. ज्याने जन्मात मोटार विकत घेतली नाही, असा उटनूरच्या डोंगरातील गोंडही या मार्गाने टायरची जकात भरीत होता. ते त्याला ठाऊक नव्हते एवढेच.

याच सुमारास जगाच्या बाजारात रबरावरून एक मोठा संग्राम होऊन गेला होता. युद्धानंतर रबराचे भाव कोसळले, तेव्हा आपल्या मळेवाल्यांना वाचविण्यासाठी ब्रिटनने १ नोव्हेंबर १९२२ पासून मलाया व सिंहलद्वीप येथील रबराच्या निर्यातीवर नियंत्रण घातले. स्टीव्हन्सन योजना या नावाने ती प्रसिद्ध आहे. भाव चढत गेले आणि १९२५ मध्ये पौंडाला एका डॉलरच्याही पलीकडे पोचले. जगातील बहुतेक मोटारी तेव्हा अमेरिकेत होत्या, साहजिकच सर्वांत मोठी ओरड तेथे झाली. टायरचा कारखानदार हार्वे फायरस्टोन याने १९२६ मध्ये लायबेरियात ९९ वर्षांच्या पट्ट्याने १० लाख एकर जमीन मिळविली. हेन्री फोर्डने ब्राझीलच्या अरण्यात स्वतःचा मळा उभारण्याचा खटाटोप केला आणि तो फसला. इकडे योजनेबाहेर राहिलेल्या डच वसाहतींतील मळेवाल्यांनी आपली लागवड वाढवून घेतली. ब्रिटिशांनी रोखलेला माल डचांनी विकला आणि १ नोव्हेंबर १९२८ रोजी ती योजना गुंडाळावी लागली. व्यापाराला एका दारी बांध घातला तर तो दुसऱ्या दाराने वाहू लागतो, हा धडा जगाला तेव्हाच मिळाला होता. तो पुढे पुनःपुन्हा विसरला गेला, ही गोष्ट वेगळी.

जकातीचे दोन प्रकार असतात. एक तिजोरी भरण्यासाठी, दुसरा देशी कारखान्याला आडोसा देण्यासाठी. निजामाची करोडगिरी पहिल्या प्रकारची. ब्रिटिश हिंदुस्थानची जकातही आरंभी तशीच होती. परंतु १९२१-२२ च्या फिस्कल कमिशननंतर निवडक धंद्यांना संरक्षण देण्याचे धोरण मान्य झाले. त्यातच १९३२ च्या ओटावा करारान्वये ब्रिटिश मालाला सवलत मिळू लागली. अशा परिस्थितीत परदेशी कंपन्यांनी ओळखले की, भिंतीबाहेर उभे राहून माल आत फेकण्यापेक्षा भिंतीच्या आत कारखाना काढणे अधिक फायद्याचे आहे. डनलॉप कंपनीने बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये टायरचा कारखाना सुरू केला. पाठोपाठ मुंबईत शिवडीला फायरस्टोनचे धुराडे उभे राहिले. कारखाने देशात आले, मजुरी देशात राहिली. मालकी आणि नफा मात्र परदेशीच राहिले. शिवाय आयात घटली म्हणजे बंदरावरचे उत्पन्न घटते, हे ध्यानी येताच सरकारने १९४१ मध्ये स्वतंत्र कायदा करून देशात तयार होणाऱ्या टायरवर अबकारी कर बसविला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एक हात मागे गेला आणि दुसरा पुढे आला.

पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. मलायाचे रबर तुटले आणि दोस्त राष्ट्रांना रबराची चणचण भासू लागली. हिंदुस्थानात १९४२ मध्येच टायरचे रेशनिंग सुरू झाले. ज्या वस्तूवर किती जकात असावी याचा काथ्याकूट चालत होता, ती वस्तू आता पैसा टाकूनही मिळेना. त्रावणकोरच्या लहानशा रबर-मळ्यांचे मोल देशाला तेव्हा कळले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, रबरविषयक कायदा होऊन रबर मंडळाला स्थिर पाया मिळाला, त्यामागे या टंचाईची आठवण होती.

स्वातंत्र्य आले, पण पैनगंगेच्या दक्षिण तीरावर ते आले नाही. निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. तथापि त्याच सुमारास हैदराबाद सरकारने मौल्यवान धातूंच्या निर्यातीस बंदी केली आणि भारतीय चलन आपल्या राज्यात अग्राह्य ठरविले. भारताकडून येणारा माल अडू लागला. पेट्रोल आणि औषधे यांचीही टंचाई झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर ठिकठिकाणी कृतिकेंद्रे उभारली. वऱ्हाडातील उमरखेड आणि मध्यप्रांतातील चांदा ही अशीच केंद्रे होत. या लढ्यात करोडगिरीचे नाके हे हल्ल्याचे एक प्रमुख लक्ष्य बनले. नाके जाळले गेले, दप्तरे नष्ट करण्यात आली. वरवर पाहता एका लहानशा नाक्यावर एवढा रोष का, असे वाटेल. परंतु सरहद्दीवरच्या माणसाला निजामाचे राज्य रोज दिसे ते याच नाक्याच्या रूपाने. आपलीच भाषा बोलणाऱ्या, आपल्याच नात्यागोत्याच्या गावाहून येताना हातातील गाठोडे उघडून दाखवावे लागणे, ही गोष्ट शेकडा ५ च्या हिशेबात मावणारी नव्हती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईनंतर हैदराबाद भारतात विलीन झाले.

आश्चर्य असे की, राज्य गेले तरी जकात लगेच गेली नाही. तिजोरीची घडी एका रात्रीत मोडता येत नाही. भारतीय संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार व दळणवळण मुक्त राहील असे घोषित केले. पण ३०६ व्या अनुच्छेदाने पूर्वीच्या संस्थानांच्या राज्यांना अंतर्गत जकाती मर्यादित काळ चालू ठेवण्याची मुभाही दिली. हा ३०६ वा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने वगळण्यात आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले, नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादला जोडला गेला. करोडगिरी इतिहासजमा झाली. परंतु विक्रीकर, वाहनकर आणि परवाने यांनी राज्यांच्या सीमा पुन्हा जाणवू लागल्या. मोटारवाहनांवरील राज्यांचा कर ३०१ व्या अनुच्छेदाला बाधक आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रस्त्यांची सोय पुरविण्याच्या मोबदल्यात घेतलेला वाजवी कर व्यापाराच्या मुक्ततेला बाध आणीत नाही, असा निर्णय १९६२ मध्ये देण्यात आला. जयकर समितीच्या तत्त्वाचाच हा एक दूरचा प्रतिध्वनी म्हणता येईल.

स्वतंत्र भारताने टायरच्या धंद्याला परवाने आणि आयातबंदी यांचा भक्कम तट घालून दिला. १९५८ मध्ये इटलीतील तूरिन येथील कंपनीच्या सहकार्याने मुंबईत भांडुपला सीएटचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये मद्रासेत खेळण्यांतील फुग्यांपासून सुरुवात केलेली एमआरएफ साठीच्या दशकात टायर बनवू लागली. या तटाच्या आड धंदा वाढला, तंत्रज्ञ तयार झाले, हे निर्विवाद आहे. परंतु गिऱ्हाइकाला निवड उरली नाही, हेही तितकेच खरे. १९९१ नंतर तट उतरू लागला आणि १ एप्रिल २००१ पासून परिमाणात्मक आयातनिर्बंध उठले. आज जुन्या हैदराबाद राज्याच्या हद्दीतच, औरंगाबादजवळच्या वाळूज येथे आणि तेलंगणातील सदाशिवपेठ येथे, टायर तयार होतात. जो मुलूख एके काळी परदेशी टायरवर दुहेरी जकात भरीत होता, तोच आज टायरचा उत्पादक झाला आहे.

उत्पादक झाल्यावर जकातीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील पोलाद-कामगारांच्या संघटनेच्या तक्रारीवरून अध्यक्ष ओबामा यांनी सप्टेंबर २००९ मध्ये चिनी बनावटीच्या प्रवासी मोटारींच्या टायरवर पहिल्या वर्षी शेकडा ३५, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २५ जादा जकात बसविली. चीनने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. चिनी टायर कमी झाले, पण त्यांची जागा बव्हंशी थायलंड, इंडोनेशिया, कोरिया यांच्या टायरांनी घेतली. वॉशिंग्टनच्या पीटरसन संस्थेने २०१२ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे या जकातीने फार तर १,२०० नोकऱ्या वाचल्या आणि प्रत्येक नोकरीमागे गिऱ्हाइकांना सुमारे ९ लाख डॉलर मोजावे लागले. चीनने प्रत्युत्तरादाखल अमेरिकन कोंबड्यांच्या मांसावर जकात लादली ती निराळीच. टायरच्या कामगाराला वाचविताना कोंबड्या पाळणारा भरडला गेला. स्टीव्हन्सन योजनेतील बांध आणि दुसरे दार यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

भारतही या वाटेने गेला. चिनी ट्रक-बस रेडियल टायरवर सप्टेंबर २०१७ मध्ये मूल्यावपातविरोधी शुल्क बसले आणि जून २०२० मध्ये मोटारी, बस, स्कूटर इत्यादींच्या अनेक प्रकारच्या टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आणली गेली. दुसरीकडे रबर पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी एप्रिल २०१५ मध्ये नैसर्गिक रबरावरील आयातशुल्क शेकडा २५ किंवा किलोमागे ३० रुपये, यांपैकी जे कमी ते, असे ठरले. रबर महाग झाले की कारखानदार कुरकुरतो. टायर स्वस्त येऊ लागले की तोच संरक्षण मागतो. आणि संरक्षण मिळाले की गिऱ्हाइकाला शंका येते. ही शंका सर्वस्वी निराधार नसते. संगनमताने किमती ठरविल्याबद्दल स्पर्धा आयोगाने पाच टायर कंपन्यांना मिळून १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड केल्याचे २०२२ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. अपील न्यायाधिकरणाने त्याच वर्षी ते प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठविले. निकाल काहीही लागो, तटाच्या आतील लोकांवर लक्ष ठेवणारा पहारेकरीही लागतो, एवढे त्यावरून दिसते.

आता पुन्हा आदिलाबादकडे वळू. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पैनगंगेच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद महामार्गावरील भोरजच्या विक्रीकर नाक्यासारखे अडसर निघाले. टायरवर दोन्ही तीरांवर एकच कर आला. तो शेकडा २८ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला आणि ट्रॅक्टरच्या टायरवरील कर शेकडा ५ वर आला. १८०२ च्या तहापासून चालत आलेला पैनगंगेवरचा भेद कराच्या बाबतीत मिटावयास दोनशेहून अधिक वर्षे लागली.

मात्र याच २०२५ साली जकातीचा प्रश्न या जिल्ह्याच्या दारी निराळ्या रूपाने येऊन उभा राहिला. अमेरिकेने मे महिन्यापासून मोटारींच्या सुट्या भागांवर शेकडा २५ जकात लावली, त्यात प्रवासी मोटारींचे टायरही आले. आणि ऑगस्टअखेर भारताच्या बहुसंख्य मालावरील जकात शेकडा ५० वर नेली. कापड-गिरण्यांना दिलासा मिळावा म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरील शेकडा ११ आयातशुल्क १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत रद्द केले. कापूस उत्पादकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला, आणि आदिलाबाद तर कापसाचा जिल्हा. येथील शेतकऱ्याची स्थिती ध्यानात घ्यावी. त्याच्या ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या टायरवर संरक्षक निर्बंध असले तर टायर त्याला महाग पडतो. त्याच्या कापसावरचे संरक्षण काढले तर कापूस स्वस्त जातो. टायर घेताना तो खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता असतो आणि कापूस विकताना जकातीचा. या दोन्ही ठिकाणी तो खोटा नसतो.

म्हणून जकात चांगली की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारून फारसे निष्पन्न होत नाही. ती कोणावर पडते, कोणाच्या हाती जाते, ठरविताना कोणाला विचारले जाते आणि उद्देश साधल्यावर ती हटविली जाते की नाही, हे पाहावे लागते. करोडगिरीच्या नाक्यावर यांपैकी एकही प्रश्न रयतेला विचारता येत नव्हता. म्हणून तो प्रश्न अखेरीस मशालीने विचारला गेला. आज तो अंदाजपत्रकाच्या चर्चेत, न्यायालयात आणि मतपेटीतून विचारता येतो. स्वराज्याने पैनगंगेच्या काठच्या माणसाला जे काही दिले, त्यात या अधिकाराची गणना केलीच पाहिजे. त्याचा उपयोग करावयाचा तर टायरच्या पावतीवरील कराचा आकडा आणि कापसाच्या भावामागचा जकातीचा आकडा, हे दोन्ही त्याला वाचता आले पाहिजेत; आणि ते वाचावयास शिकविणे हे शाळांचे आणि वृत्तपत्रांचे काम आहे.